थेरपिस्ट अचानक नसले तर? नौपाड्यातील एका समुपदेशन केंद्राच्या व्यवस्थेविषयी

हा अभिप्राय ठाण्यातील नौपाड्यातल्या एका छोट्या समुपदेशन केंद्राविषयी आहे, पण तेथील समुपदेशन किती चांगले आहे हे सांगणे हा त्याचा मुख्य हेतू नाही. ते चांगले आहे. नसते तर मी तेथे इतकी वर्षे जात राहिले नसते. मला लिहायचे आहे ते या केंद्राने एका कठीण प्रसंगासाठी आधीपासून करून ठेवलेल्या तयारीविषयी, आणि तो प्रसंग खरोखर ओढवला तेव्हा ती तयारी कितपत उपयोगी पडली याविषयी. माझ्या समुपदेशिकेला गेल्या वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला, काही आठवडे त्या अतिदक्षता विभागात होत्या आणि त्यानंतर त्यांचे निधन झाले. त्यांच्या घरच्यांच्या खासगीपणाचा मान राखावा म्हणून मी त्यांचे किंवा केंद्राचे नाव येथे लिहीत नाही. तरीही हे लिहावेसे वाटले, कारण थेरपिस्ट निवडताना आपण शिक्षण, अनुभव, शुल्क, वेळा आणि स्टेशनपासूनचे अंतर हे सारे पाहतो, पण या गोष्टीची चौकशी जवळजवळ कोणीच करत नाही.

केंद्र गोखले रोडच्या एका आडगल्लीत दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, बाहेर बसायला छोटी जागा, तीन समुपदेशक आणि अपॉइंटमेंटचे काम सांभाळणाऱ्या एक ताई, एवढाच त्याचा पसारा आहे. पन्नास मिनिटांच्या सेशनचे दीड हजार रुपये होतात. ठाण्याला मानसिक आरोग्याच्या कामाची जुनी ओळख आहे. येथील मनोरुग्णालय १९०१ पासूनचे, आणि इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० साली येथेच सुरू झाली. मोठ्या संस्थेत एखादी व्यक्ती गेली तरी निदान दार उघडे राहते, फोन उचलला जातो, कपाटाची किल्ली कोणाकडे तरी असते. आज मात्र ठाणे आणि नवी मुंबईत अनेक समुपदेशक एकट्याने, एखाद्या भाड्याच्या खोलीतून, घरातून किंवा केवळ व्हिडिओ कॉलवर काम करतात, आणि तेथे थेरपिस्ट हीच व्यक्ती, तीच संस्था आणि तीच किल्ली असते.

पहिल्या भेटीत सही करण्यासाठी दिलेल्या संमतीपत्रात गोपनीयता, रद्द केलेल्या सेशनचे शुल्क वगैरे नेहमीच्या मुद्द्यांनंतर समुपदेशकाच्या अनुपस्थितीविषयी एक स्वतंत्र पान होते. केंद्रातील प्रत्येक समुपदेशकाने दोन सहकाऱ्यांची नावे लिहून ठेवलेली असतात, त्यांपैकी एक केंद्रातील आणि एक बाहेरची. समुपदेशकाचा मृत्यू झाला, गंभीर आजारपण आले किंवा काहीही न कळवता सलग ४८ तास संपर्क होऊ शकला नाही, तर त्या दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा आणि सुरू असलेल्या क्लायंटना कळवायचे, असे त्यात लिहिले होते. त्या दोघांना मिळणारी माहितीही ठरलेली होती: क्लायंटचे नाव, संपर्काची पद्धत, पुढची अपॉइंटमेंट, आणि कोणाला आधी फोन करणे गरजेचे आहे याची खूण. सेशनमध्ये काय बोलणे झाले याच्या नोंदी त्या यादीत येत नाहीत. पानाच्या तळाशी क्लायंटने भरायच्या चार ओळी होत्या. फोन कोणत्या नंबरवर करावा, कोणत्या वेळी करावा, दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगावे आणि निरोप ठेवलेला चालेल का, हे प्रश्न त्यात होते. मी तेव्हा सासरी राहत होते आणि समुपदेशनाची गोष्ट घरी सांगितलेली नव्हती, म्हणून मी लिहिले: फक्त मोबाइल, दुपारी एक ते दोन, निरोप ठेवू नये.

हे पान मॅडमनी सहीसाठी नुसते पुढे सरकवले नाही. त्यांनी ते वाचून दाखवले आणि म्हणाल्या, "मला काही झालं तर ते तुम्हाला उशिरा आणि भलत्याच माणसाकडून कळू नये, म्हणून हे आत्ताच बोलून घेऊ या." पुढे दर वर्षी एकदा त्या हा कागद पुन्हा काढत आणि नंबर व वेळ तीच आहे का हे विचारत. एखाद्याला हे अशुभ वाटेल. आपल्याकडे घरातल्या घरात मृत्युपत्राचा विषय काढला तरी "असं बोलू नये" म्हणून गप्प करतात. माझ्या बाबतीत मात्र या बोलण्याने त्यांच्याविषयीचा विश्वास वाढला, कारण जी व्यक्ती स्वतःच्या नसण्याविषयी इतक्या शांतपणे बोलू शकते, तिच्यासमोर आपणही अवघड गोष्टी बोलू शकतो, हे मला पहिल्याच दिवशी कळले.

रक्तस्राव झाला तो शनिवारी रात्री. नंतर समजले ते असे की त्यांच्या यजमानांना फक्त एक गोष्ट सांगून ठेवलेली होती: मला काही झाले तर या दोन नंबरांवर कळवायचे. क्लायंट कोण आहेत, किती आहेत, डायरी कोठे आहे, यांतले काहीही त्यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. रुग्णालयाच्या धावपळीत त्यांनी केलेले काम म्हणजे एक फोन. मला ही या योजनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते, कारण ज्या घरावर संकट कोसळले आहे त्याच घराने अनोळखी माणसांना फोन करत बसावे, अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे.

सोमवारी दुपारी एक वाजून गेल्यावर मला फोन आला. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी तो घेतला. समोरच्या बाईंनी आधी स्वतःची ओळख सांगितली आणि विचारले, "आत्ता बोलायला निवांत आहे का? आजूबाजूला कोणी नाही ना?" मी हो म्हटल्यावर त्यांनी आडवळण न घेता सांगितले की मॅडम अचानक खूप आजारी पडल्या आहेत, रुग्णालयात आहेत आणि गुरुवारचे सेशन होणार नाही. मग त्या थांबल्या. मला काही सुचत नव्हते, आणि त्यांनी ती शांतता भरून काढण्याची घाई केली नाही. मी रुग्णालयाचे नाव विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही, कारण काय सांगावं आणि काय नाही हे ठरवण्याच्या स्थितीत त्या स्वतः आत्ता नाहीत." क्लायंटची गुपिते जपणाऱ्या माणसाचे आजारपणही तितक्याच काळजीने जपले जात होते, हे मला त्या क्षणीही जाणवले. त्यानंतर त्यांनी मी रात्री घरी एकटी असते का, कोणते औषध चालू आहे का, मधल्या काळात फार त्रास झाला तर कोणाशी बोलणार, हे विचारले, केंद्राचा नंबर दिला आणि त्याबरोबर टेली मानसचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा सरकारी नंबरही दिला. "शुक्रवारी याच वेळी परत फोन करते," असे त्या म्हणाल्या आणि शुक्रवारी त्यांचा फोन आलाही.

पुढचे आठवडे मृत्यूच्या बातमीपेक्षा अवघड होते. मृत्यूनंतर माणूस निदान दुःख करू शकतो. थेरपिस्ट अतिदक्षता विभागात असताना क्लायंट काय करणार? वाट पाहावी तर स्वतःचे काम थांबते, आणि दुसऱ्याकडे जावे तर मागे आजारी असलेल्या माणसाला सोडून गेल्यासारखे वाटते. येथे केंद्राने जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी मोघम आशा दाखवली नाही. दुसऱ्या फोनमध्येच सांगितले की पुढचे तीन महिने मॅडम काम करणार नाहीत असे धरून चालू या. त्या बऱ्या होऊन परतल्या तर त्यांच्याकडे परत जायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे, आणि मधल्या काळात दुसऱ्या समुपदेशकाकडे गेल्याने तो हक्क जात नाही. ज्यांना थांबायचे होते त्यांना थांबू दिले, पण दर पंधरा दिवसांनी फोन करायचे ठरवूनच. आजारपणात निर्णय कोणी घ्यायचा हा प्रश्न आधीच सुटलेला होता, ही त्यातील मेख आहे. घरचे "दोन आठवड्यांत उठून बसतील" म्हणतात, डॉक्टर काही ठाम सांगत नाहीत, आणि रुग्णाला विचारता येत नाही; अशा वेळी दोन सहकाऱ्यांनी मिळून, कोणत्याही प्रमाणपत्राची वाट न पाहता निर्णय घ्यावा असे त्यांनी स्वतः शुद्धीत असताना लिहून दिले होते म्हणूनच तो घेता आला.

निधनाची बातमीही त्याच आवाजाने दिली, आणि वर्तमानपत्रात छापून येण्याआधी दिली. शोकसभा ठाण्यातल्याच एका सभागृहात होती. समुपदेशकाच्या शोकसभेला क्लायंटने जावे का, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो, पण शेजारी बसलेल्या बाईंनी सहज "तुमची आणि त्यांची ओळख कशी?" असे विचारले तर उत्तर काय द्यायचे? फोनवर मला स्पष्ट सांगण्यात आले की सभा सर्वांना खुली आहे, यायचे की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे, आल्यास केंद्रातील कोणीही तुम्हाला ओळख दाखवणार नाही, आणि यायचे नसल्यास त्याच आठवड्यात एक संध्याकाळ त्यांची खोली क्लायंटसाठी उघडी ठेवली आहे, एका वेळी एकच जण येईल अशा बेताने वेळा दिल्या आहेत. मी खोलीत गेले. त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, म्हणजे माझ्या खुर्चीच्या मागे, एक घड्याळ होते. इतकी वर्षे माझी त्याकडे पाठ होती. मला वेळेची चिंता वाटू नये आणि त्यांना मात्र मान न वळवता वेळ दिसावी, अशी ती जागा होती. बाहेर बसलेल्या ताईंनी चहा विचारला, आणखी काही विचारले नाही.

हे सारे मला इतके मोलाचे का वाटते, हे सांगण्यासाठी उलट बाजूचे एक उदाहरण देते. माझी मावसबहीण काही वर्षांपूर्वी नेरूळमध्ये घरून काम करणाऱ्या एका अनुभवी थेरपिस्टकडे जात असे. ठाण्याहून वाशीची गाडी पकडून, पुढे बदलून ती दर शनिवारी तेथे पोहोचायची. एका शनिवारी बेल वाजवून कोणी दार उघडले नाही, फोन बंद होता, आणि खाली उतरल्यावर वॉचमनने सांगितले, "त्या बाई तर मंगळवारीच वारल्या." पुढे काही दिवसांनी त्यांच्या मुलाने आईचा फोन चालू केला. त्यावर क्लायंटचे मेसेज एकामागून एक येत होते, काही काळजीचे, काही अत्यंत खासगी, आणि ते सारे त्या मुलाच्या हातात उघडत होते. त्याने बिचाऱ्याने जमेल तशी सर्वांना एकसारखी दोन ओळींची उत्तरे पाठवली आणि कोणाचे आगाऊ पैसे राहिले असतील तर कळवा असे लिहिले. त्याला दोष देण्यासारखे काहीच नाही. आईचे दहावे-बारावे व्हायच्या आत त्याच्यावर हे काम येऊन पडले होते. पण माझ्या बहिणीने तिच्या वडिलांविषयी लिहिलेला एक लांबलचक मेसेज एका अनोळखी तरुणाने वाचला, हे ती अजून विसरलेली नाही. तिच्या नोंदींच्या वह्यांचे पुढे काय झाले हे तिला कधीच कळले नाही, आणि त्यानंतर ती कोणत्याही थेरपिस्टकडे गेली नाही.

नोंदींचा हा प्रश्न नौपाड्यातील केंद्राने कसा हाताळला ते थोडे तपशिलाने लिहिते. मॅडम प्रत्येक क्लायंटचा एक पानी गोषवारा दर काही महिन्यांनी अद्ययावत ठेवत असत: कशासाठी येणे सुरू झाले, काय काम झाले, आता कोठे आहोत, कोणत्या गोष्टीची काळजी घ्यावी. सेशनच्या सविस्तर नोंदी वेगळ्या, कुलुपात असत. मला तो गोषवारा आधी वाचायला दिला आणि विचारले की हा नव्या समुपदेशकाकडे जसाच्या तसा द्यायचा, काही ओळी वगळून द्यायचा की मुळीच द्यायचा नाही. मी एक ओळ वगळायला सांगितली. ती माझ्यासमोर वगळण्यात आली आणि खाली माझी सही घेतली. सविस्तर नोंदी केंद्राने ठरलेल्या मुदतीपर्यंत सांभाळायच्या आणि नंतर फाडून नष्ट करायच्या, असे मॅडमनी लिहून ठेवले होते आणि तसे मला सांगितले गेले.

आपल्याकडच्या कायद्यात या प्रसंगाचा विचार पुरेसा झालेला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे २३ वे कलम मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देते आणि उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर ती पाळण्याचे बंधन घालते. २५ वे कलम स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क देते. स्वतःची निर्णयक्षमता पुढे कधी गेली तर कसे उपचार व्हावेत हे रुग्णाने आधी लिहून ठेवण्याची सोयही ५ व्या कलमात आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही, ज्याची माहिती आहे त्या व्यक्तीचा मृत्यू झाला किंवा ती अक्षम झाली तर तिच्या वतीने हक्क बजावण्यासाठी कोणाला नेमता येईल, याची तरतूद आहे. म्हणजे क्लायंटला काही झाले तर काय, याचा विचार कायद्याने केला आहे; थेरपिस्टला काही झाले तर क्लायंटचे काय, हे मात्र त्या त्या व्यावसायिकाच्या विवेकावर राहिले आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेतील ३.१२ हे कलम मानसशास्त्रज्ञाच्या आजारपणाने किंवा मृत्यूने सेवा खंडित झाल्यास ती पुढे चालू राहावी यासाठी आधीच योजना करण्यास सांगते. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या संहितेत तर क्लायंट आणि नोंदी कोणत्या सहकाऱ्याकडे जातील याची योजनाच तयार ठेवण्यास सांगितले आहे. ब्रिटनमध्ये अशा दस्तऐवजाला क्लिनिकल विल म्हणतात आणि तो अमलात आणणारा सहकारी आधीच नेमलेला असतो. केंद्राच्या प्रमुखांशी मी यावर बोलले तेव्हा त्यांनी सांगितले की आपले पान त्यांनी याच संहिता समोर ठेवून तयार केले, फक्त फोनविषयीच्या चार ओळी स्वतःच्या अनुभवातून घातल्या, कारण येथे एका घरात एकच फोन पाच जण उचलतात आणि समुपदेशनाची गोष्ट घरी ठाऊक असेलच असे नाही.

नव्या समुपदेशकाकडे पहिले सेशन विनाशुल्क होते. ते शुल्क माफ करणे ही सवलत नव्हती. त्या तासात माझ्या जुन्या प्रश्नांवर काम करायचे नाही, फक्त मॅडमविषयी बोलायचे, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. मी त्यांची मॅडमशी तुलना करत होते हे त्यांनी ओळखले आणि ते साहजिक आहे असे मोकळेपणाने म्हणाले. थेरपिस्टचा शोक हा विचित्र असतो. त्या व्यक्तीला आपले सारे ठाऊक असते, आपल्याला तिच्याविषयी फारसे काही ठाऊक नसते, आणि दुःख व्यक्त करण्यासाठी आपल्याला नातेही सांगता येत नाही. घरात सुतक नाही, ऑफिसात रजा नाही, कोणी भेटायला येत नाही. हे दुःख खरे आहे असे मानणारी एक तरी जागा असावी लागते, आणि ती जागा या सेशनने दिली.

आता उणिवा. त्या आहेत, आणि त्यांतील काही गंभीर आहेत. ते पान आणि संपूर्ण संमतीपत्र इंग्रजीत होते. मॅडमनी मराठीत समजावून सांगितले म्हणून मला अडचण आली नाही, पण मी केंद्रात जाताना भेटणाऱ्या कितीतरी जणांना ते स्वतः वाचून समजले नसते, आणि ज्यावर सही करायची तो कागद आपल्या भाषेत हवाच. मी मागणी केल्यावर मराठी प्रत तयार झाली; ती चांगली आहे, परंतु मागणीची वाट पाहायला नको होती. दुसरे म्हणजे संध्याकाळी सातनंतर वेळ देऊ शकणारे एकच समुपदेशक उरले होते, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना खऱ्या अर्थाने निवड नव्हतीच. घोडबंदर रोडवरून येणाऱ्या एका क्लायंटने त्यामुळे केंद्र सोडले, असे तिनेच मला सांगितले. तेव्हा बाहेरच्या दोन-तीन समुपदेशकांची नावे आधीच ठरवून ठेवली असती तर हे टळले असते. तिसरे, पॅकेजचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळायला फार वेळ लागला. केंद्राने ते नाकारले नाहीत, पण ते मॅडमच्या वैयक्तिक खात्यात जमा झालेले होते आणि खाते त्यांच्या निधनानंतर गोठले. कोणाचे किती सेशन बाकी आहेत याची यादी होती, पैसे कोठून द्यायचे हे मात्र लिहिलेले नव्हते. चौथे, ऑनलाइन सेशन घेणाऱ्या काहींना फोनच्या आधी ईमेल पोहोचला. अशी बातमी रात्री अकरा वाजता एकट्याने स्क्रीनवर वाचावी लागणे हे अगदी चुकीचे आहे, आणि केंद्राने ते मान्य केले.

मानसोपचारतज्ज्ञांशी समन्वय मात्र चांगला होता. माझी औषधे पाचपाखाडीतील एका डॉक्टरांकडून चालू होती आणि मॅडम दर काही महिन्यांनी माझ्या परवानगीने त्यांच्याशी बोलत. पहिल्याच फोनमध्ये मला विचारले गेले की डॉक्टरांना कळवू का. मी हो म्हटले आणि पुढच्या भेटीत मला पुन्हा सगळे सांगत बसावे लागले नाही.

आपल्या थेरपिस्टला हे विचारणे उद्धटपणाचे आहे असे कोणी समजू नये. "तुम्हाला काही झालं तर मला कोण कळवेल?" एवढे विचारले तरी पुरते, आणि त्याला आलेल्या उत्तरावरून पुष्कळ कळते. कळवणाऱ्या माणसाला माझ्याविषयी काय काय दिसेल, माझ्या नोंदी कोठे राहतील, आगाऊ पैसे कोणाच्या खात्यात आहेत, घरचा माणूस माझे मेसेज वाचू शकेल का, हे त्यापुढचे प्रश्न आहेत. एकट्याने काम करणाऱ्या समुपदेशकांना ही व्यवस्था करायला संस्थेची गरज नाही. विश्वासातले दोन सहकारी, दोन-तीन पाने, बंद पाकिटात ठेवलेली यादी, कामासाठी वेगळा फोन आणि दर वर्षी एकदा केलेली उजळणी इतक्यावर ती उभी राहते. परस्परांसाठी हे काम करणारे दोघे-तिघे वाशीत, कोपरखैरण्यात, वर्तकनगरात सहज एकत्र येऊ शकतात. मी हे आग्रहाने लिहिते आहे, कारण माझ्या बहिणीच्या बाबतीत जे झाले त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. फक्त कोणीतरी एक संध्याकाळ काढून हे कागदावर उतरवलेले नव्हते.

केंद्राला मी पाचपैकी चार गुण देते. कमी केलेला एक गुण मराठी प्रतीसाठी किंवा पैशांसाठी नाही, कारण त्या दोन्ही गोष्टी आता सुधारल्या आहेत. पॅकेजचे पैसे आता केंद्राच्या खात्यात जमा होतात. तो आहे जुन्या क्लायंटसाठी. ज्यांचे समुपदेशन पूर्ण होऊन एक-दोन वर्षे झाली होती त्यांना कोणीही कळवले नाही, कारण योजना फक्त सुरू असलेल्या क्लायंटपुरती होती. मला भेटलेल्या एका गृहस्थांना ही बातमी फेसबुकवर कोणाच्या तरी श्रद्धांजलीतून कळली. काम संपले म्हणून नाते संपत नाही, आणि पुन्हा गरज पडली तर यांच्याकडे जाता येईल हा भरवसा अनेक जण वर्षानुवर्षे बाळगून असतात. नव्या संमतीपत्रात आता "समुपदेशन संपल्यानंतरही मला कळवावे" असा एक चौकोन आला आहे. परंतु ज्यांनी जुन्या कागदावर सही केली आणि जे आता येत नाहीत, त्यांना विचारायचे कसे, की न विचारताच एकदा फोन करायचा, हे केंद्राने अजून ठरवलेले नाही, आणि ते लवकर ठरवावे असे मी त्यांना लेखी कळवले आहे.